मागच्या सीटवरचा माणूस

गेल्या दिवाळीत बाबांच्या गाडीत मला एक वस्तू सापडली. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बकलमध्ये घट्ट बसवलेली, काडेपेटीएवढी, चकचकीत धातूची. सीटबेल्टच्या टोकाला जी चपटी जीभ असते ना, तशीच जीभ. फक्त तिला पुढे पट्टाच नाही. दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण उघडायची सोय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, तुझी आई त्या सीटवर भाजीची पिशवी ठेवते. तेवढ्यानंही बोंबलतं ते. ऑनलाइन मिळाली, शे-दीडशे रुपयांना."

मला लगेच रागावता आलं नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि माणसं धोक्याच्या सूचना कशा बंद करून टाकतात हे रोज बघते. जी सूचना उगाच वाजते, तिचा आवाज लोक बंद करतात. मग खरी वाजते तेव्हाही कुणाला ऐकू येत नाही. दोष वापरणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा, यावर आमच्याकडे तासन्‌तास भांडणं होतात.

पण त्याच आठवड्यात ताईच्या आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आम्हाला पुण्याहून साताऱ्याला जायचं होतं. मागच्या सीटवर कोण कुठे बसणार हे आईने आधीच ठरवलं होतं. "बाळ माझ्या मांडीवर." हा काही चर्चेचा विषय आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही, मला धरून. ती क्लिप हातात आली तेव्हा कुठे मी वाचायला बसले.

इंटरनेटवर सीटबेल्टचा इतिहास शोधला की पहिलं नाव येतं एडवर्ड क्लेगहॉर्न या न्यूयॉर्कच्या गृहस्थाचं. फेब्रुवारी १८८५ मध्ये त्याने मोटारीच्या सीटबेल्टचं पेटंट घेतलं, असं शेकडो ठिकाणी छापलेलं आहे. गंमत अशी की कार्ल बेंझने आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो जानेवारी १८८६ मध्ये. म्हणजे मोटारीच्या आधी मोटारीचा पट्टा! प्रत्यक्षात क्लेगहॉर्नचं पेटंट आहे ते माणसाला आकड्यांनी एखाद्या पक्क्या वस्तूला अडकवून ठेवायच्या कमरपट्ट्याचं. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. तिथे न थांबता पुढे जाऊ.

खरी सुरुवात विमानांपासून होते. पहिल्या महायुद्धात ह्यू डिहेवन नावाचा एक अमेरिकन तरुण वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. हवेत दोन विमानांची टक्कर झाली, त्याचं विमान कोसळलं आणि तो वाचला. पण पोटातल्या अवयवांना जबर इजा झाली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने विचार केला आणि त्याचा संशय पोटावर आलेल्या पट्ट्याच्या टोकदार बकलावर गेला. ज्याने धरून ठेवलं त्यानेच फाडलं होतं. अपघातात मरणं-जगणं हे नशिबावर असतं असं तेव्हा सगळेच मानत. डिहेवनला ते पटेना. पुढे १९४२ मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फूट उंचीवरून पडूनही जगलेल्या माणसांचा त्यात अभ्यास होता. कुणी नांगरलेल्या मातीत पडलं होतं, कुणाच्या खाली काहीतरी दबलं-वाकलं होतं. त्याचं निरीक्षण साधं होतं: माणूस वेगाने मरत नाही, थांबण्याने मरतो. थांबायला थोडं जास्त अंतर मिळालं आणि बसणारा धक्का शरीराच्या मजबूत भागांवर पसरला तर माणूस कल्पनेपलीकडचं सोसू शकतो.

१९५२ मध्ये त्याने हाच मुद्दा आणखी सोप्या भाषेत मांडला. काचेचं सामान पाठवताना आपण काय करतो? खोका मजबूत घेतो, आत वस्तू हलू देत नाही, कडेला मऊ काहीतरी भरतो. माणसांच्या बाबतीत मात्र खोका बनवतो आणि वस्तू आत सुटी टाकतो. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला नेलेला स्टीलचा डबा मागच्या सीटवर घसरू नये म्हणून आई त्याला दुपट्यात बांधून दोन उशांच्या मध्ये ठेवते. डिहेवनला ते बघून आनंद झाला असता.

याच सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अमेरिकी हवाई दलाचा एक डॉक्टर स्वतःवर प्रयोग करत होता. जॉन पॉल स्टॅप त्याचं नाव. रुळांवर रॉकेट लावलेली घसरगाडी, तिच्यावर खुर्ची, खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला हा माणूस. १० डिसेंबर १९५४ ला ती गाडी ताशी १,००० किलोमीटरच्या वर गेली आणि साधारण १.४ सेकंदांत थांबली. त्या क्षणी त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सेहेचाळीस पटींहून जास्त बल आलं. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ त्याला दिसेनासं झालं. पण तो जगला, आणि पुढे पंचेचाळीस वर्षं जगला. नीट बांधलेला माणूस किती सोसू शकतो याचा त्याहून मोठा पुरावा कुणी मागू नये.

स्टॅपचं मोठेपण मला मात्र दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. आपल्या हवाई दलाची माणसं विमान अपघातांच्या जोडीने साध्या मोटार अपघातांतही मरताहेत हे त्याच्या लक्षात आलं. आकाशात पट्टे बांधणारा वैमानिक सुट्टीच्या दिवशी मोटारीत सुटा बसत होता. मग स्टॅपने मोटारी आदळून बघायला सुरुवात केली आणि १९५५ पासून त्यावर दरवर्षी परिषद भरवली. त्याच्या नावाची ती परिषद आजही भरते.

तोवर मोटारींत पट्टे अगदीच नव्हते असं नाही. १९४९ मध्ये नॅश या अमेरिकन कंपनीने काही गाड्यांत कमरेचे पट्टे दिले होते. १९५६ मध्ये फोर्डने सुरक्षेची जाहिरात करून ते जादा पैसे घेऊन विकून पाहिले. पण हे पट्टे होते दोन टोकांचे, फक्त कमरेवरून जाणारे. धडक बसली की कमर जागेवर आणि वरचं शरीर बिजागरीसारखं पुढे. डोकं सरळ डॅशबोर्डवर. दुसरा प्रकार खांद्यावरून येऊन पोटाच्या मध्यावर बकल लागणारा. त्यात डिहेवनचं जुनं दुखणं होतंच.

इथे निल्स बोलीन येतो. स्वीडनच्या साब कंपनीत तो लढाऊ विमानांच्या खुर्च्या बनवायचा. कुठल्या खुर्च्या? वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकून देणाऱ्या. १९५८ मध्ये व्होल्व्होने त्याला आपल्याकडे घेतलं आणि नेमकं उलटं काम दिलं: माणूस खुर्चीतच राहिला पाहिजे. व्होल्व्होचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांच्या नात्यातलं कुणीतरी मोटार अपघातात गेलं होतं, त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

बोलीनने वर्षभरात जे बनवलं ते आज तुमच्या-माझ्या गाडीत जसंच्या तसं आहे. एक पट्टा कमरेवरून, एक छातीवरून, दोन्ही कमरेच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकतात. ते ठिकाण सीटच्या शेजारी, पोटावर नाही. पट्ट्याचा आकार बाजूला झुकलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टोक जमिनीकडे, म्हणजे धक्क्यात तो सरकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका हाताने लागतो. वैमानिक जीव वाचवायला कितीही पट्टे मुकाट्याने बांधून घेतो, साध्या माणसाला मिनिटभराचीही अडचण चालत नाही, अशा अर्थाचं त्याने पुढे सांगितलं होतं. मला त्याच्या रेखाटनाहून हे वाक्य जास्त आवडतं. त्याने पट्टा माणसाच्या हाडांसाठी बनवला तसाच त्याच्या आळसासाठीही बनवला.

हाडांचं म्हणाल तर सगळी युक्ती तिथेच आहे. खालचा पट्टा पोटावर नाही, ओटीपोटाच्याही खाली, कमरेच्या हाडावर टेकायला हवा. वरचा गळ्यावर नाही आणि दंडावरही नाही, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून छातीवर उतरायला हवा. कमरेचं हाड, छातीचा पिंजरा, खांदा हे शरीरातले खांब आहेत. पोट म्हणजे दोन खांबांमधलं कापड. लांबच्या प्रवासात सीट मागे पाडून झोपणाऱ्यांचा पट्टा छातीपासून अधांतरी राहतो. धडक बसली की माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात घुसतो. काखेखालून पट्टा घेणाऱ्यांचंही तसंच, तिथे धक्का बरगड्यांवर जातो. गरोदर बाईने पट्टा टाळायचा नसतो, खालचा भाग पोटाच्या खाली आणि वरचा पोटाच्या बाजूने घ्यायचा असतो. ताईला तिच्या नवव्या महिन्यात यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं. "पट्टा नको गं लावू, बाळाला दाबेल," एवढंच सगळ्या बायकांनी सांगितलं.

ऑगस्ट १९५९ मध्ये असा पट्टा असलेली पहिली गाडी स्वीडनमध्ये विक्रेत्याच्या हाती गेली. १९६२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि व्होल्व्होने ते सगळ्या कंपन्यांना खुलं ठेवलं. ज्या क्षेत्रात मी काम करते तिथे ओपन सोर्सवर श्रद्धा असणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी ही तसबीर भिंतीवर लावायला हरकत नाही. मग १९६७ मध्ये बोलीनने आकडे आणले. स्वीडनमध्ये वर्षभरात व्होल्व्हो गाड्यांचे जे अपघात झाले, अशा २८,००० हून जास्त अपघातांची नोंद. त्यात पट्टा न लावलेली माणसं जवळजवळ प्रत्येक वेगाला दगावली होती. पट्टा लावलेलं कुणीही ताशी ९५ किलोमीटरच्या खाली दगावलं नव्हतं.

इतकं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. वस्तू तयार, फुकट, पुरावा हातात. प्रत्यक्षात गोष्ट इथे सुरू होते, कारण लोक पट्टा लावेनात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे पट्टे गाडीत आल्यावर कित्येक वर्षांनी, अमेरिकेत पट्टा लावणाऱ्यांचं प्रमाण साधारण ११ टक्के होतं.

सक्तीची पहिली हिंमत ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने केली. १९६९ साली तिथे रस्त्यांवर १,०३४ माणसं गेली होती. मेलबर्नच्या 'द सन' या वृत्तपत्राने तोच आकडा हातात घेऊन त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि २२ डिसेंबर १९७० पासून तिथे पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक झालं. अमेरिकेने सक्तीचं काम कायद्याऐवजी यंत्राला दिलं. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांत अशी सोय केली की पुढच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. सीटखाली वजन ओळखणारं स्विच. लोकांनी शेजारी किराण्याची पिशवी ठेवली, गाडी बंद. कुत्रा बसवला, गाडी बंद. खासदारांकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने ही व्यवस्था कायदा करून बंद पाडली.

किराण्याची पिशवी! हे वाचताना मी बाबांना हाक मारून दाखवलं. ते खूश झाले. "बघ, मी म्हणालो नव्हतो?"

आणि इथेच मला या इतिहासाचा खरा धागा सापडला असं वाटतं. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी असा असतो ज्याला वाटतं की हे आपल्यासाठी नाही. आधी तो मोटार चालवणारा प्रत्येक जण होता. मग पुढच्या सीटवाले हळूहळू वळले, शेवटी उरला मागच्या सीटवरचा माणूस.

ब्रिटनमध्ये पुढच्या सीटसाठी सक्ती आली ३१ जानेवारी १९८३ ला. मागे बसणाऱ्या मुलांसाठी १९८९ मध्ये, आणि मोठ्यांसाठी १९९१ मध्ये. मधल्या आठ वर्षांत धडकेचं शास्त्र बदललं नव्हतं. बदलायची होती ती एक समजूत: मागे बसणं म्हणजे सुरक्षित असणं. मागे बसणारा म्हणजे साहेब, पाहुणा, आजी, नवरदेव. पट्टा हे ड्रायव्हरचं काम, जसं गिअर टाकणं. ३१ ऑगस्ट १९९७ च्या रात्री पॅरिसच्या बोगद्यात प्रिन्सेस डायना मागच्या सीटवर होती आणि त्या गाडीतल्या चौघांपैकी कुणीही पट्टा लावलेला नव्हता. चौघांतले तिघे गेले.

मागचा माणूस फक्त स्वतःचा जीव टांगणीला लावत नाही. धडक बसली की तो गाडीच्या आधीच्याच वेगाने पुढे येतो आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, आणि त्या सीटवर पट्टा लावून शहाण्यासारखं बसलेलं कुणीतरी असतं. जपानी संशोधकांनी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की मागच्यांनी पट्टा लावलेला नसेल तर पुढच्या पट्टा लावलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. पुढच्या काही अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, दिशा तीच राहिली.

आपल्याकडे हा धडा दोनदा गिरवून झालाय. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते. केंद्रीय मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी तेव्हा शाळकरी होते. टीव्हीवर परळीची गर्दी दिवसभर दिसत होती हे आठवतं. अपघात की घातपात यावर महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली, सीबीआयची चौकशी झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनी त्याच सुमारास सांगितलं होतं की मागचा पट्टा लावला असता तर मुंडे कदाचित वाचले असते, मागचे पट्टे शोभेसाठी नसतात. ते वाक्य त्या गदारोळात कुठल्या कुठे गेलं. घातपात असता तर कुणाला तरी शिक्षा झाली असती. पट्ट्याने आपल्याच सवयीकडे बोट दाखवलं असतं.

मग ४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. मिस्त्री आणि त्यांच्याशेजारचे सहप्रवासी मागे होते, पट्टा दोघांनीही लावला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पण एअरबॅगवर एसआरएस अशी जी अक्षरं असतात त्यातल्या पहिल्याचा अर्थच 'पूरक' असा आहे. मूळ गोष्ट पट्टा, फुगा त्याच्या मदतीला.

यानंतर मागच्या पट्ट्याचा 'नवा नियम' आला अशी लोकांची समजूत झाली. नियम जुनाच होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात, समोर तोंड करून मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, असं आधीच लिहिलेलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून चारचाकीतल्या सगळ्यांना सक्ती जाहीर केली. आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांवर कारवाई केली, ती बाबांकडे आहे तशाच क्लिपांसाठी. १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. काही क्लिपा बाटली उघडायचं साधन म्हणून विकल्या जात होत्या, काही सिगारेट लायटर म्हणून. बाबांची त्यातलीच. सरकारी अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे.

आता मांडीवरचं बाळ.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी मोटारीतल्या खुर्च्या निघाल्या, पण त्या सुरक्षेसाठी नव्हत्याच. मूल उंच बसावं, त्याला बाहेरचं दिसावं, आईबापांना गाडी चालवताना ते नजरेसमोर राहावं, एवढाच हेतू. मुलाला वाचवण्यासाठी खुर्ची असा विचार यायला १९६० चं दशक उजाडलं. त्यातलं सगळ्यात हुशार काम स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या डॉक्टरने केलं. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर रेलून बसतात, म्हणजे सगळा दाब पाठभर पसरतो, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून त्याला गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसणारी बाळाची खुर्ची सुचली. १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना व्होल्व्होत तपासला गेला. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मानेची हाडं पक्की झालेली नसतात. समोर तोंड करून बसवलं तर धडकेत धड पट्ट्यात अडकतं आणि ते जड डोकं एकट्या मानेवर हिसका देतं. उलटं बसवलं तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम खुर्चीत दाबलं जातं. स्वीडनमध्ये मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत अशी उलटी बसतात. फक्त ही खुर्ची एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही; फुटणारी एअरबॅग खुर्चीच्या पाठीवरच आदळते, आणि बाळाचं डोकं तिथेच असतं.

आणि मग मला टेनेसी सापडलं. अमेरिकेतल्या या राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या पाठपुराव्याने १९७७ मध्ये लहान मुलांना गाडीत सुरक्षा-खुर्चीत बसवायची सक्ती करणारा कायदा मंजूर झाला, अमेरिकेतला पहिला, आणि १९७८ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. पण मंजूर होता होता आमदारांनी त्यात एक पळवाट घातली: बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर खुर्ची नको. सँडर्स त्या दुरुस्तीला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणायचे. ती काढून टाकायला त्यांना १९८१ उजाडलं.

म्हणजे बघा, टेनेसीच्या आमदारांचं आणि माझ्या आईचं एकमत होतं. आईच्या हातांहून सुरक्षित जागा जगात नाही. हे वाक्य आपल्या सगळ्या अंगाईंत आहे आणि त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. म्हणून मी आईशी बोलले नाही, गणित मांडलं. गाडी ताशी ५० किलोमीटरने जातेय, कशावर तरी आदळते, पुढचा भाग चेपत चेपत साधारण साठ सेंटिमीटरमध्ये थांबते. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. तेवढ्या वेळात आत असलेल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या सोळा पट ओढ लागते. बाळ आठ किलोचं. म्हणजे जवळजवळ १३० किलो. सिमेंटच्या अडीच गोण्या, एकदम, सूचना न देता. आईला पट्टा लावलेला असला तरी हात सुटणार, आणि पट्टा नसला तर आईचं स्वतःचं वजन सोळा पटीने बाळाच्या पाठीवर येणार. आई आणि बाळाला एकाच पट्ट्यात गुंडाळलं तरी तेच.

आईने कागद बघितला. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हा दोघींना मी असंच मांडीवर घेऊन हिंडवलं की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिने जे केलं ते त्या वेळी उपलब्ध असलेलं सगळ्यात प्रेमाचं काम होतं. आम्ही वाचलो कारण आम्ही आदळलो नाही. जे आदळले त्यांच्या मुली असे लेख लिहायला बसत नाहीत.

आपला कायदा आता स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसुरक्षा-खुर्चीने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. पण मी आजवर कुणाला तो भरताना पाहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या, गाड्यांना तारे मिळू लागले, शोरूममध्ये लोक पंचतारांकित गाडी मागू लागले. लहान मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुण असतात, ४९ पैकी. ते गुण मिळवताना गाडीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवतात, सुरक्षा-खुर्चीत. मांडीवर नाही. म्हणजे गाडीच्या काचेवरचे ते तारे खुर्ची विकत घेणाऱ्याच्याच मुलाचे आहेत. आणि खुर्ची स्वस्त नाही हेही खरं. हप्त्यांवर छोटी गाडी घेणाऱ्याला आणखी काही हजार घाला म्हणणं सोपं नाही. ताईने आम्हाला मैत्रिणीकडची जुनी मागून आणली. जुनी घेताना एक गोष्ट जरूर विचारायची असते, ती कधी अपघातात होती का. असेल तर वरून चांगली दिसली तरी घ्यायची नाही. नव्हती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बसवायला गेलो तर मागचे बकल सापडेनात. आमच्या गाडीला जिथून सीट कव्हर घातलं, त्या दुकानदाराने मागच्या बकलांसाठी भोकंच पाडली नव्हती. चार वर्षं बकल कव्हरच्या आत होते आणि चार वर्षांत ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बाबांनी कात्रीने कव्हर कापलं. आतून एक पाच रुपयांचं नाणं आणि भडंगातले शेंगदाणे निघाले.

बाळ खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत अखंड रडलं. आईचा हात दोनदा त्याच्या पट्ट्याच्या बकलाकडे गेला आणि दोनदा परत आला. खंबाटकीच्या अलीकडे ते झोपलं. पुढच्या सीटवर भाजीची पिशवी होती. पट्ट्याची घंटा वाजली तशी बाबांनी पिशवी उचलून खाली ठेवली. मागे खिडकीशी उलट्या खुर्चीत बाळ, दुसऱ्या खिडकीशी आई, पट्टा लावून. मधल्या सीटला आमच्या गाडीत दोन टोकांचाच, कमरेचा पट्टा आहे, बोलीनच्या आधीचा. तिथे मी बसले होते. परत येताना मी एसटीने आले.